म्हैस विकून लेथ घ्यावा का?



या सदरात आपण बहुधा खतांचे, बियाण्यांचे, नाहीतर रोगकिडींचे बोलतो. आज थोडी वाट वाकडी करणार आहे. गेल्या वर्षी उन्हाळ्यात सावंतवाडी तालुक्यातील एका माउलीने मला जो प्रश्न विचारला, तो शेतीच्या कोणत्याच पुस्तकात नव्हता. पुढे तसाच प्रश्न आणखी दोन घरांतून आला. तेव्हा उत्तर सर्वांनाच सांगून टाकावे हे बरे.

घर असे. दीड एकर काजू, पंधरा-वीस माड, पोटापुरती भातजमीन आणि एक दुभती म्हैस. थोरला मुलगा सुतारकाम शिकलेला. पडवीत छोटा लेथ बसवून लाटणी, रव्या, भोवरे, भातुकलीची भांडी कातून बाजारात देतो. आता त्याला मोठा लेथ हवा होता. वीस इंच व्यासाचे लाकूड फिरेल असा, तीन फेजच्या मोटरचा, नवा कोरा. मोबाइलवरचे त्याचे चित्र त्याने मला चारदा दाखवले. पैशांची जुळणी कशी, तर म्हैस विकायची आणि बाकीचे उसने घ्यायचे. वडील गप्प होते. आईने चहाची कपबशी माझ्या हातात देता देता विचारले, "सायबानू, म्हस इकली तर दूध खंयसून येतला? आणि नाय इकली तर ह्येचा मशीन खंयसून येतला?"

मी लगेच उत्तर दिले नाही. त्याचे कारण आधी सांगतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या तालुक्यात असताना एका होतकरू तरुणाची भर सभेत पाठ थोपटली होती आणि त्याला असाच मोठा लेथ घ्यायला लावले होते. "धाडस केल्याशिवाय धंदा नाही" वगैरे बरेच काही मी बोललो. यंत्र आले. पण वाडीवर तीन फेजची वीज होती ती शेतीपंपांची, कारखान्याची नव्हे. नवी जोडणी मिळेपर्यंत दोन पावसाळे गेले. तोवर यंत्र गोणपाटाखाली गंजत होते आणि त्याच्यावर बसून कोंबडा आरवत होता. शेवटी मिळेल त्या भावाला ते विकून तो तरुण मुंबईला गेला. त्याने मला कधी बोल लावला नाही. पण चूक माझीच होती. मी यंत्राची स्तुती केली. वीज, जागा, लाकूड आणि गिऱ्हाईक यांबद्दल एक शब्द विचारला नाही.

म्हणून या खेपेला मी त्या मुलाला म्हटले, "बाळा, तीन महिने थांब. एक वही घाल. जे काम तुझ्या लहान लेथवर होत नाही म्हणून तू परत पाठवतोस, ते त्या वहीत लिही. काय मागितले, किती रुंद, किती लांब आणि किती नग." मुलगा थोडा हिरमुसला, पण वही घातली.

आधी काम मोजा, मग यंत्र

लेथचे माप दोन अंगांनी घेतात. पहिले म्हणजे त्यावर जास्तीत जास्त किती व्यासाचे लाकूड फिरेल. मधल्या दांड्याच्या केंद्रापासून खालच्या बेडपर्यंतचे अंतर मोजून त्याची दुप्पट केली की हा आकडा मिळतो. आठ इंच अंतर असेल तर तो सोळा इंची लेथ. मात्र हत्यार टेकवायच्या टेकणीचा पाया बेडवरच असतो आणि तो मधली थोडी जागा खातो. म्हणून लांब लाकूड सोळा इंच जाडीचे लावता येईल असे समजू नका. दुसरे माप म्हणजे दोन टोकांमध्ये किती लांबीचे लाकूड बसेल ते. लाटण्याला दीड फूट पुरते. जिन्याच्या कठड्याच्या गजाला तीन फुटांच्या वर लागते.

तीन महिन्यांनी वही उघडली तेव्हा मुलगाच चकित झाला. परत गेलेल्या कामांपैकी बहुतेक कामे रुंद नव्हती, लांब होती. जिन्याचे गज, पलंगाचे खूर, पाळण्याचे दांडे, पडवीचे कातीव खांब. रुंद कामांत पोळपाट आणि मोठे वाडगे होते, आणि सर्वांत रुंद मागणी होती तेरा इंचांची. वीस इंचांचे काम कुणी एकदाही मागितले नव्हते! म्हणजे त्याला गरज होती ती सोळा इंची, पण चाळीस इंच लांबीच्या लेथची. वीस इंचांची हौस होती. हौसेला माझी ना नाही, पण हौसेसाठी दावणीची म्हैस सोडू नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचे आणि रंगीत फळांचे नाव झाले ते लहान कामावर. पांगाऱ्यासारखे हलके लाकूड, हातात मावणारा नग आणि त्यावर सफाईचा रंग. कर्नाटकातील चन्नपट्टणचे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरतात. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळून लाकडाला बसते आणि मग केवड्याच्या पानाने तिला चकाकी आणतात. यातल्या कशालाही वीस इंची लेथ लागत नाही. मोठे यंत्र घेतल्याने हात मोठा होत नाही.

मोठा लेथ म्हणजे संथ लेथ

पुष्कळांना वाटते, यंत्र मोठे म्हणजे वेग मोठा. खरे याच्या उलट आहे. लाकूड जितके रुंद, तितके ते सावकाश फिरवावे लागते. कारागिरांचा एक ठोकताळा आहे. लाकडाचा व्यास इंचांत घ्या आणि त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा. उत्तर ६,००० ते ९,००० च्या दरम्यान यावे. सहा इंचांच्या वाडग्याला १,००० ते १,५०० फेरे, बारा इंचांच्या वाडग्याला ५०० ते ७५०. लाकूड ओबडधोबड असताना याहूनही कमी वेगाने सुरुवात करावी.

हा हिशेब चुकला तर काय होते ते पाहा. बारा इंचांचा तुकडा १,५०० फेऱ्यांनी फिरवला, तर त्याची कड ताशी ८६ किलोमीटर वेगाने धावते. असा चार इंच जाडीचा ओला तुकडा सहा-सात किलोचा भरतो. तो यंत्रावरून सुटला आणि समोर माणूस असला, तर पुढचे सांगायला नको.

म्हणून मोठा लेथ घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न "जास्तीत जास्त वेग किती?" हा नको. "कमीत कमी वेग किती?" हे विचारा. ज्याचा सर्वांत खालचा वेगच सातशे-आठशे फेऱ्यांचा आहे, त्यावर मोठे ओबडधोबड लाकूड चढवणे धोक्याचे आहे. मग कागदावर तो वीस इंची असो की तीस. दुसरा प्रश्न वजनाचा. हलका लेथ वाकड्यातिकड्या लाकडाने नाचू लागतो. बिडाचा जड बेड असला की थरथर जिरते. तिसरी गोष्ट दुकानातच करून पाहा. मधला दांडा हाताने धरून वर-खाली हलवा. त्याला खेळ जाणवला तर नमस्कार करून बाहेर पडा. चौथी, हेडचे टोक आणि टेलचे टोक एकमेकांजवळ आणून पाहा. दोन्ही अणकुच्या नेमक्या समोरासमोर यायला हव्यात.

वीज : आपल्या गावची गोष्ट

बंधूंनो, माझी मागची चूक इथेच झाली होती. शेतीपंपाच्या जोडणीवर लेथ चालवू नका. मंजूर कामाऐवजी दुसऱ्याच कामाला वीज वापरली, तर विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. घरच्या मीटरवर चालवायचा असेल, तरी मंजूर भार किती आहे आणि धंद्यासाठी कोणता दर लागेल, हे वीज कचेरीत आधी विचारा. यंत्राला बयाणा द्यायच्या आधी विचारा, नंतर नव्हे.

तीन फेज मिळत नसेल तर निराश व्हायचे कारण नाही. आता सिंगल फेजची वीज घेऊन तीन फेजची मोटर चालवणारी आणि वेग हवा तसा कमी-जास्त करणारी पेटी मिळते. तिला कारागीर 'ड्राइव्ह' म्हणतात. दीड-दोन अश्वशक्तीच्या मोटरला ही सोय चांगली. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा घरच्या वायरिंगवर किती भार येईल याचा अंदाज काढता येईल. मात्र ड्राइव्हने वेग फार खाली उतरवला की मोटरचा जोरही उतरतो. म्हणून पुलीच्या दोन-तीन पायऱ्या असलेलाच लेथ घ्यावा. जड कामाला पट्टा खालच्या पायरीवर घालावा, जसा चिखलणीला आपण ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये घालतो तसा.

आता सर्वांत महत्त्वाचे. पंपाला आपण 'ऑटो स्विच' लावतो. गेलेली वीज आली की पंप आपोआप सुरू होतो. पंपाच्या बाबतीतही वीज खात्याचे लोक तो नको म्हणतात. लेथला तर तो चुकूनही लावू नका. वीज गेली म्हणून कारागीर लाकडाशी हात घालून बसला आहे आणि तेवढ्यात वीज आली, तर काय होईल याचा विचार करा. लेथला असा स्टार्टर हवा की वीज गेली की तो सुटेल आणि माणसाने बटण दाबल्याखेरीज यंत्र पुन्हा फिरणार नाही. ड्राइव्ह बसवणार असाल, तर वीज आल्यावर ती आपोआप सुरू होत नाही ना, हे वायरमनकडून तपासून घ्या. अर्थिंग नवे, वेगळे आणि पक्के घालावे.

जमीन, पाऊस आणि लाकूड

सारवलेल्या जमिनीवर जड लेथ ठेवू नये. तो एका पायावर बसतो आणि बेड पिळला जातो. सिमेंट काँक्रीटचा ओटा करून, पाणसळ लावून, चारही पाय बोल्टने आवळावेत. खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवली तर थरथर आणखी कमी होते. कोकणच्या पावसाळ्यात उघड्या लोखंडाला चार दिवसांत तांबेरा धरतो. रोज काम संपले की भुसा झाडून बेडवर तेलाचा हात फिरवावा. भुशावर कधी पाणी मारू नये. ओला भुसा लोखंडावर राहिला की गंज ठरलेला.

लाकडाचा विचार शेतकऱ्याने अधिक करावा, कारण ते त्याच्याच बांधावर उभे असते. पण 'झाड माझे, कुऱ्हाड माझी' असे चालत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ प्रमाणे आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, साग ही झाडे स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. उत्पन्न थांबलेले जुने झाड असेल तर रीतसर अर्ज करा. सॉ मिलमधले तुकडेही स्वस्तात मिळतात. लहान कामाला ते पुरतात.

ओल्या लाकडाचा वाडगा एका दमात पुरा कातला तर तो वाळताना लंबगोल होतो किंवा तडकतो. त्याला युक्ती अशी. वाडगा आधी जाड कातावा, व्यासाच्या दहाव्या भागाइतका. म्हणजे दहा इंचांच्या वाडग्याची भिंत एक इंच. मग आडोशाला, वारा न लागणाऱ्या जागी, आपल्याच भुशात झाकून काही महिने वाळू द्यावा. आठवड्याला वजन करून ठेवावे. वजन उतरायचे थांबले की वाळला. मग पुन्हा यंत्रावर चढवून शेवटचा हात द्यावा. ओंडक्याच्या मधला गाभा वाडग्यात येऊ देऊ नये, तडा तिथूनच जातो. साठवलेल्या ओंडक्यांच्या दोन्ही तोंडांना मेण किंवा उरलासुरला तेलरंग फासावा.

पैशांचा हिशेब

यंत्राच्या किमतीवर हिशेब थांबवू नका. यंत्राच्या दर रुपयामागे आठ आणे बाजूला काढून ठेवा, असे मी सांगतो. चक, चांगल्या पोलादाच्या पटाश्या, त्यांना धार लावायचा ग्राइंडर, वायरिंग, ओटा, वाहतूक यांत ते जातात. बोथट पटाशीने काम करणाऱ्याला नवा लेथही जुनाच वाटतो.

हाताने आणि अवजाराने परंपरागत काम करणाऱ्या कारागिरांसाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यातील अठरा व्यवसायांत सुतार आहेत आणि खेळणी करणारेही आहेत. काही दिवसांचे प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि तारणाशिवाय कर्ज अशी तिची रचना आहे. कर्ज पहिल्या खेपेला एक लाखापर्यंत, ते फेडल्यावर दुसऱ्या खेपेला दोन लाखांपर्यंत, व्याज शेकडा पाच. एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो आणि घरात सरकारी नोकर असेल तर मिळत नाही. नोंदणी सेवा केंद्रात होते, पहिली तपासणी ग्रामपंचायत करते. आजच्या अटी तिथेच विचारून घ्या.

पण कर्ज स्वस्त असले तरी ते कर्जच. एक लाख रुपये अठरा महिन्यांत फेडायचे म्हणजे महिन्याला सुमारे ५,८०० रुपयांचा हप्ता. मी त्या मुलाला वहीतली कामे पुन्हा मोजायला लावली. लाकूड, वीज आणि रंग वजा जाता महिन्याला किती उरले असते? निम्मीच कामे मिळाली तर किती? निम्म्या कामांतही हप्ता जेमतेम निघत होता. तेव्हा कुठे मी मान डोलावली. आणि आईला सांगितले, "वहिनी, म्हैस राहू दे. यंत्र महिन्याअखेर पैसे देईल, म्हैस रोज सकाळी देते. पहिले वर्षभर घर म्हशीवर चालेल, हप्ता लेथवर."

तेव्हा वडील पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "ओटो मी घालतंय. चिरे आसत घरात."

अंगावरचे कपडे

दिवाळीनंतर टेंपोतून लेथ आला. सोळा इंची, चाळीस इंच लांबीचा, दीड अश्वशक्तीचा, ड्राइव्हसह सिंगल फेजवर चालणारा. आठ जणांनी बांबू घालून तो उचलला. मी मुद्दाम गेलो होतो. यंत्र सुरू करण्याआधी सर्वांना बसवून जे सांगितले, ते तुम्हालाही सांगतो.

लेथवर हातमोजे घालू नयेत. लोंबती बाही, गळ्यातला पंचा, साडीचा पदर, मोकळे केस, लांब मंगळसूत्र यांतले काही फिरत्या लाकडाजवळ जाता कामा नये. लाकडाने कापड पकडले तर माणसाला सोडवून घ्यायला वेळ मिळत नाही. तोंडावर पूर्ण झाकणारी पारदर्शक ढाल हवी, नुसता चष्मा पुरत नाही. लाकूड चढवल्यावर आधी हाताने एक फेरा देऊन ते कुठे अडत नाही ना ते पाहावे. बटण दाबताना लाकडाच्या समोर न राहता बाजूला उभे राहावे. टेकण सरकवायची ती यंत्र पूर्ण थांबवूनच. घासकागद मारताना टेकण काढून ठेवावी आणि नाका-तोंडावर मास्क बांधावा; बारीक भुसा फुप्फुसाला वाईट. मुलांनी पाहायचे तर उंबऱ्याबाहेरून, आणि तेही फिरत्या लाकडाच्या रेषेत नाही.

मुलाने उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी फणसाचा बारा इंची ओबडधोबड तुकडा चढवला. यंत्र घुमू लागले तशी त्याने स्वतःहून बटण बंद केले, तुकडा उतरवला, करवतीने कोपरे उडवले आणि पट्टा खालच्या पुलीवर घेऊन पुन्हा सुरू केला. मी काही बोललो नाही. बोलायची गरज नव्हती.

संध्याकाळी त्याने लहानशी रवी कातली. इतक्या मोठ्या यंत्रावर एवढीशी रवी म्हणून शेजारी हसले. आईने ती हातात घेऊन दांडा चाचपला आणि म्हणाली, "जुनी झिजली हुती." दुसऱ्या दिवशी ती ताकात होती.

आता सहा महिने झाले. हप्ते वेळेवर जात आहेत, एक महिना ओढाताण झाली तेवढी. जिन्याच्या गजांचे एक काम पुरे झाले, दुसरे चालू आहे. वीस इंचांचे काम अजून कुणी मागितलेले नाही.

तुमच्या घरी असा विचार चालू असेल, तर आधी वही घाला. तीन महिन्यांनी ती घेऊन या. यंत्राचे चित्र नाही आणले तरी चालेल.

पुढील अंकी : काजूच्या मोहोरावरील ढेकण्या आणि फवारणीची वेळ.